काळ्या ऑइल पेंटखालची सनबर्स्ट

वापरलेल्या त्या इलेक्ट्रिक गिटारीवर काळा ऑइल पेंट होता, तोही ब्रशनं लावलेला. उजेडात तिरकी धरली की ब्रशच्या रेघा बॉडीभर आडव्यातिडव्या दिसायच्या. खालच्या कडेला ओघळ येऊन तिथेच वाळले होते आणि ब्रशचे काही केस रंगातच अडकून राहिले होते. रंगवणाऱ्यानं एकही स्क्रू काढला नव्हता. पिकगार्डच्या, म्हणजे तारांखालच्या प्लास्टिकच्या पत्र्याच्या, कडेवर रंग, ब्रिजवर तारा जिथे टेकतात त्या सॅडलवर रंग, स्क्रूंच्या खाचा रंगानं बुजलेल्या, जॅकच्या भोकातही काळा थेंब. हेडस्टॉकवरूनही, म्हणजे नाव असतं त्या टोकावरूनही, तोच ब्रश फिरवलेला, त्यामुळे गिटार कोणत्या कंपनीची हेसुद्धा कळत नव्हतं.

तरी ती घेतली. नेक, म्हणजे गिटारीची मान, सरळ होता, त्यावरच्या धातूच्या फ्रेटपट्ट्या फार झिजलेल्या नव्हत्या, नेकचा बाक सांभाळणारा आतला ट्रस रॉड अडकलेला नव्हता आणि तारांची हालचाल टिपणारे तिन्ही पिकअप वाजत होते. वापरलेली गिटार घेताना मी आधी एवढंच पाहते. रंगाचं काम घरी बसून करता येतं. पिळलेला नेक घरी सरळ होत नाही.

रंग काढायला घेण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: हा रंग खरंच काढायचा आहे का? बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसननं १९६७ मध्ये आपली फिकट निळी स्ट्रॅटोकास्टर गिटार फ्लुरोसंट रंगांनी स्वतः रंगवली, हेडस्टॉकवर तर बायकोचं नेलपॉलिश लावलं. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलननं टेपच्या पट्ट्या चिकटवून काळीपांढरी केलेली गिटार पुढे सायकलच्या लाल रंगानं पुन्हा रंगवली. फिनिशचं काम म्हणून पाहिलं तर दोन्ही कच्चीच. पण त्या रंगांत त्या माणसांचा हात आहे, आणि तो पुसणं म्हणजे नुकसान. म्हणून मी ही गिटार सगळीकडून नीट न्याहाळली. कुठे नाव, तारीख, नक्षी, एखादी मुद्दाम ओढलेली रेघ सापडते का ते पाहिलं. काहीच नव्हतं. खालचं झाकायचं, एवढाच त्या रंगाचा हेतू दिसत होता.

मग उघडायला घेतली. रंगानं बुजलेल्या खाचांमध्ये स्क्रूड्रायव्हर नुसता घातला तर तो घसरतो आणि डोकं झिजतं, म्हणून आधी सुईच्या टोकानं प्रत्येक खाच कोरून मोकळी केली. पिकगार्डच्या कडेला, जिथे रंगानं प्लास्टिक आणि बॉडी एकमेकांना चिकटवली होती, तिथे धारदार ब्लेडनं हलकी रेघ मारली. ती न मारता पिकगार्ड उचललं असतं तर रंगाबरोबर खालचं फिनिशही टवका होऊन निघालं असतं. वायरिंगचे फोटो काढले. या ठेवणीच्या, म्हणजे स्ट्रॅटोकास्टरसारख्या, गिटारीत पिकगार्ड पूर्ण वेगळं करायला साधारण तीनच वायर सोडवाव्या लागतात: दोन जॅककडे जाणाऱ्या आणि एक मागच्या स्प्रिंगच्या क्लॉला, म्हणजे स्प्रिंग धरणाऱ्या धातूच्या पट्टीला, सोल्डर केलेली. ही तिसरी वायर गिटारीच्या तारांना अर्थिंग देते. जोडताना ती राहिली तर तारांना हात लावला की गुणगुण कमी होण्याऐवजी तशीच राहते. नेकच्या खाचेत पुठ्ठ्याची एक पातळ शिम, म्हणजे पाचर, होती. ती कोणत्या बाजूला होती ते पेन्सिलनं लिहून वेगळ्या पाकिटात ठेवली. नेकचा कोन त्या क्षुल्लक दिसणाऱ्या तुकड्यावर अवलंबून असतो.

पिकगार्ड निघालं आणि खालची खरी गिटार दिसली. मध्ये मधाळ पिवळा, त्याभोवती लाल, कडेला जवळजवळ काळा: तीन रंगांची सनबर्स्ट. फेंडर कंपनीनं १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आणली तेव्हा तिची नेहमीची सनबर्स्ट दोन रंगांची होती; लाल पट्टा १९५८ मध्ये आला. तेव्हापासून या आकाराच्या असंख्य गिटारींनी तीच रचना उचलली आहे. पिकगार्डखालचा लाल अगदी ताजा होता. लाल रंगद्रव्य उन्हानं उडतं. १९५८ ते १९६० च्या गिब्सन कंपनीच्या लेस पॉल गिटारींमध्ये काहींचा लाल इतका उडाला आहे की मूळची चेरी सनबर्स्ट आज नुसती पिवळी-तपकिरी दिसते. माझ्या गिटारीत काळ्या रंगाखाली किती लाल उरला असेल ते पिकगार्डखालच्या तुकड्याशी ताडून पाहता येणार होतं.

इथे तीन वाटा फुटतात. बहुतेकजण सगळं लाकडापर्यंत खरवडतात आणि नव्यानं रंगवतात. दुसरी वाट म्हणजे आहे तोच काळा घासून सपाट करायचा आणि त्यावर नीट स्प्रे मारायचा. तिसरी, फक्त वरचा परका थर उतरवायचा आणि खाली जे मूळ आहे ते जसं असेल तसं राखायचं. मला तिसरीच पटली, आणि याबद्दल माझं मत ठाम आहे. कारखान्यातलं फिनिश एकदा काढलं की ते परत येत नाही. नवं कितीही सुंदर झालं तरी ते नवंच असतं. शिवाय या गिटारीच्या बाबतीत एक आशा होती. रंगवणाऱ्यानं रंगाआधी पृष्ठभाग घासलेला दिसत नव्हता. गुळगुळीत, चकचकीत थरावर ऑइल पेंटला नीट पकड मिळत नाही. काम घाईनं झालं होतं म्हणूनच खालचं जिवंत असण्याची शक्यता जास्त होती.

पण खालचं फिनिश कोणतं, हे ठरल्याशिवाय कोणत्याही द्रावकाला हात लावायचा नाही. सगळ्या कामातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा, आणि तोच सर्वांत जास्त वेळा गाळला जातो.

नायट्रोसेल्युलोज लॅकर नुसतं द्रावक उडून जाऊन वाळतं. त्यात रासायनिक बदल होत नाही, म्हणून कितीही वर्षांनी त्यावर थिनर लावलं तरी ते पुन्हा विरघळतं. जुन्या फेंडर आणि गिब्सनवर हेच असतं. ते पातळ असतं, पिवळं पडतं, थंडी-उष्णतेच्या फरकानं त्याला बारीक चिरा जातात आणि काही स्टँडच्या रबराशी त्याची प्रतिक्रिया होऊन डाग पडतात. पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेनची गोष्ट वेगळी. त्यांचे रेणू घट्ट होताना एकमेकांशी जोडले जातात, आणि मग साधं थिनर त्यांना विरघळवू शकत नाही. गेल्या काही दशकांतल्या बहुतेक कारखानी गिटारींवर हे फिनिश असतं, तेही नायट्रोपेक्षा कित्येक पट जाड. ऑइल पेंट, म्हणजे अल्कीड इनॅमल, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू कडक होतो. तो थिनरनं साखरेसारखा विरघळत नाही, पण फुगतो, सुरकुततो आणि पकड सोडतो.

म्हणजे खाली पॉलिएस्टर असेल तर थिनर माझ्या बाजूनं, आणि खाली नायट्रो असेल तर तेच थिनर शत्रू. नायट्रो निघालं असतं तर द्रावक बाजूला ठेवून प्लास्टिकच्या पात्यानं आणि बारीक वॉटर पेपरनं इंच इंच लढवावा लागला असता.

चाचणी पिकगार्डखाली, कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी घेतली. सौम्य ते तीव्र या क्रमानं: आधी साबणाचं पाणी, मग नॅफ्था (लायटरमध्ये भरतात तसलं द्रावक), मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, शेवटी अॅसिटोन. प्रत्येक वेळी नवा इअरबड, हलकं टेकवायचं, थांबायचं, पुसायचं, आणि इअरबडवर रंग आला का आणि जागा चिकट झाली का ते पाहायचं. सनबर्स्टवर अॅसिटोन टेकवूनही काही झालं नाही. चमक गेली नाही, चिकटपणा आला नाही, इअरबड पांढराच राहिला. शेजारच्या काळ्या रंगावर तेच अॅसिटोन टेकवलं तर त्याला दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या आल्या. खालचं पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन (पुढे थोडक्यात पॉलिएस्टरच म्हणते), वरचं अल्कीड. यापेक्षा चांगलं उत्तर मिळण्यासारखं नव्हतं.

काळा रंग कोणत्या काळातला हे माहीत नव्हतं. जुन्या इनॅमलमध्ये शिसं असू शकतं, म्हणून शिशाची चाचणी करणारी कांडी फिरवून पाहिली. ती निर्धोक आली, तरी कोरडं घासायचं नाही हे ठरवलेलंच होतं. धूळ उडू द्यायची नाही. कार्बनच्या काडतुसांचा मास्क घातला, कारण धुळीचा साधा मास्क वाफ अडवत नाही. हातात नायट्राइलचे मोजे, खिडक्या उघड्या, जवळपास ज्योत किंवा ठिणगी नाही. हीट गन वापरायचा सल्ला खूपजण देतात. लाकडापर्यंत जायचं असेल तर ती उपयोगी आहे, पण उष्णता वरचा थर कोणता आणि खालचा कोणता हे ओळखत नाही. दोन्ही एकदम फुगतात. थिनर आणि हीट गन एका खोलीत तर कधीच नकोत.

सुरुवात मागच्या बाजूनं केली. मागची बाजू वाजवताना कुणाला दिसत नाही, आणि हात बसेपर्यंतचं काम तिथेच करावं. थिनरमध्ये भिजवलेला सुती कपड्याचा तुकडा तळहाताएवढ्या जागेवर ठेवला आणि द्रावक उडून जाऊ नये म्हणून वर प्लास्टिकची पातळ फिल्म पसरली. थोड्या वेळानं कपडा उचलला की रंगाला सुरकुत्या आलेल्या असायच्या. मग प्लास्टिकचं पातं जवळजवळ आडवं धरून पुढे सरकवायचं. धातूचं पातं मी बॉडीजवळ येऊच दिलं नाही. पहिली पट्टी सरकली आणि खाली तो गडद तपकिरी काठ आणि त्यातून उजळत जाणारा लाल दिसला. त्यानंतर मला घाई करायची इच्छाच उरली नाही.

एकदा लय सापडली की काम कंटाळवाणं राहत नाही. कपडा किती ओला हवा हे हाताला कळू लागतं. जास्त ओला असेल तर सुटलेला काळा रंग पातळ होऊन सगळीकडे पसरतो आणि प्रत्येक बारीक ओरखड्यात जाऊन बसतो. कमी ओला असेल तर वरचीच साल निघते. रंग मऊ झाला की एका दिशेनं उचलायचा, पातं प्रत्येक वेळी पुसायचं, आणि उरलेला पुसट काळेपणा नॅफ्थानं काढायचा. थिनरचे बोळे एका डब्यात कोंबून ठेवायचे नाहीत. उघड्यावर पसरून पूर्ण वाळू द्यायचे, मगच टाकायचे.

सपाट भाग लवकर मोकळा झाला. वेळ घेतला तो शिंगांच्या, म्हणजे नेकच्या दोन्ही बाजूंना पुढे आलेल्या बॉडीच्या टोकांच्या, आतल्या वळणांनी. तिथे ब्रशनं रंग साचला होता, वरून कडक आणि आतून अजून थोडा मऊ. अल्कीडला हवा लागते, आणि जाड थराच्या पोटात ती पोचत नाही. तिथे प्लास्टिकच्या पात्याची कड वळणाच्या मापानं घासून गोल करून घेतली. ज्या जागी जुने ओरखडे होते तिथे रंगानं घट्ट पाय रोवले होते. बाकी सगळीकडे तो सालीसारखा निघत होता, पण या रेघांमधून टूथपिकला अॅसिटोन लावून एकेक रेघ कोरावी लागली. अॅसिटोन पॉलिएस्टरवर फार वेळ ठेवू नये. टेकवा, कोरा, पुसा.

आतल्या कप्प्यांबाबत एक गोष्ट मुद्दाम सांगते. पिकअपच्या कप्प्यांमध्येही काळा रंग होता आणि तोही काढून टाकावा असं कुणालाही वाटेल. पण पुष्कळ गिटारींच्या कप्प्यांत कारखान्यातच काळा, कार्बन मिसळलेला, वीजवाहक रंग लावतात. बाहेरची विद्युत गुणगुण अडवण्यासाठी तो असतो. मल्टिमीटरची दोन टोकं त्याला लावली तेव्हा मोजता येईल एवढा रोध मिळाला, म्हणजे वीज वाहत होती आणि तो गुणगुण अडवणारा शील्डिंगचाच रंग. त्याला हात लावला नाही. नेकच्या खाचेत मात्र ऑइल पेंट ओघळून गेला होता, आणि तो पूर्ण काढणं भाग होतं. तिथे रंगाचा जाड थर राहिला तर नेक वर उचलला जातो, तारांची उंची बदलते, आणि बाजूनं नेक घट्ट बसून खाचेच्या पातळ कडांवर चिरा पडू शकतात.

धातूचे सुटे भाग सोपे होते. सॅडल, स्क्रू, जॅकची पट्टी सोडा घातलेल्या पाण्यात उकळली, आणि रंग टूथब्रशनं निघाला. प्लास्टिकचं तसं नाही. नॉब, पिकअपची कव्हरं, पिकगार्ड यांवर अॅसिटोनचा थेंब पडला तरी प्लास्टिक विरघळतं. तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल, लाकडी काडी आणि नखं, एवढंच. पिकगार्डच्या कडेचा रंग नखानं निघतो आहे हे पाहून मला फार बरं वाटलं.

हेडस्टॉक शेवटी घेतला. नाव छापलेलं स्टिकर म्हणजे डेकल बऱ्याच गिटारींवर क्लिअरच्या, म्हणजे वरच्या पारदर्शक थराच्या, वर असतं, खाली नाही. तसं असेल तर थिनरचा एक हात आणि नाव गायब. म्हणून आधी ट्यूनरच्या वॉशरखालची जागा तपासली. नेकवरही पॉलिएस्टरच होतं. मग नाव जिथे असायला हवं त्या जागेच्या बाहेरून आत येत गेले, कपडा न ठेवता, नुसत्या इअरबडनं. काळ्यातून सोनेरी रेघेची एक कड दिसली. तिथे अॅसिटोन आणि थिनर दोन्ही बंद केलं आणि नॅफ्था आणि बोटाच्या टोकानं रंग हळूहळू सैल केला. डेकलला नॅफ्था चालतं आहे हे आधी त्याच्या एका टोकावर पाहून घेतलं होतं. नाव सगळं शाबूत निघालं, फक्त शेवटच्या अक्षराची शेपटी आधीपासूनच घासलेली होती. ती मी रंगवली नाही. मूळ अक्षर कसं वळलं असेल याचा अंदाज बांधून काढलेली शेपटी मला खोटी वाटली असती.

फिंगरबोर्ड रोजवुडचा, आणि त्याच्या छिद्रांमध्ये काळ्या रंगाचे शिंतोडे. लाकडी टूथपिकनं ते उचकटले. फ्रेट ०००० नंबरच्या स्टील वूलनं उजळले, पण त्या वेळी नेक बॉडीपासून सुटा आणि पिकअप दुसऱ्या खोलीत. स्टील वूलचा बारीक चुरा पिकअपच्या चुंबकांना चिकटतो आणि पुन्हा पूर्ण निघत नाही. शेवटी लाकडाला मिनरल ऑइलचा पातळ हात देऊन लगेच पुसून काढलं.

आता काळा रंग गेला होता आणि गिटारीचं खरं वय समोर होतं. मागे पट्ट्याच्या बकलनं पडलेले ओरखडे. पुढच्या बाजूला, जिथे मनगट टेकतं, तिथे चमक उतरलेली. खालच्या शिंगाच्या टोकाला टवका उडून लाकूड दिसत होतं. आणि कमरेच्या वळणावर कुणीतरी कधीतरी घासून पाहिल्याची जागा, तिथे क्लिअर पातळ झालं होतं पण रंग शिल्लक होता. लाल रंग पिकगार्डखालच्यापेक्षा थोडा मवाळ झाला होता, पण फार नाही. काळ्या थरानं त्याला उजेडापासून वाचवलं असावं.

कशाला हात लावायचा आणि काय सोडायचं हे मी एका कसोटीवर ठरवलं: जी इजा पुढे वाढणार आहे ती भरायची, जी थांबलेली आहे ती राहू द्यायची. बकलचे ओरखडे थांबलेले आहेत. शिंगाचा टवका मात्र वाढणारा, कारण उघड्या लाकडात ओल जाते आणि कडेचं पॉलिएस्टर आणखी उचललं जातं.

टवका भरायला पातळ सायनोअॅक्रिलेट, म्हणजे सुपर ग्लू वापरला. तो पॉलिएस्टरला विरघळवत नाही, पण चांगला धरतो, आणि वाळल्यावर काचेसारखा पारदर्शक राहतो. आधी रंग. अल्कोहोलमध्ये विरघळणारे डाय घेऊन आधी फिकट अंबर, मग लालसर तपकिरी, मग अगदी कडेला गडद, असं टोकदार ब्रशनं टेकवत गेले. कारखान्यातही सनबर्स्ट फिकटाकडून गडदाकडेच जाते. रंग हवा त्यापेक्षा एक छटा फिकट ठेवावा. गडद करणं नेहमी हातात असतं, फिकट करणं नसतं. मग ग्लूचा एक थेंब, वाळू द्यायचा, पुढचा थेंब, असं भराव आजूबाजूच्या पातळीच्या जरा वर येईपर्यंत. झटपट वाळवणारा स्प्रे मी टाळला, कारण तो जास्त पडला तर ग्लू पांढरा पडतो आणि त्यात बुडबुडे राहतात.

पातळी आणायला मोठ्या दुरुस्तीवाल्यांची एक जुनी युक्ती आहे आणि ती अप्रतिम आहे. सरळ पात्याच्या ब्लेडच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीचा एकेक वेढा द्यायचा. मधली उघडी धार आता पृष्ठभागापासून चिकटपट्टीच्या जाडीएवढी वर राहते. ब्लेड उभं धरून भरावावरून ओढलं की फक्त उंचवटा खरवडला जातो, शेजारच्या मूळ फिनिशला धार लागत नाही. खरवडून निघणारी बारीक पांढरी कात पाहत राहावी असं वाटतं. उरलेला चिकटपट्टीएवढा उंचवटा वॉटर पेपरनं.

वॉटर पेपर फक्त गरज तिथेच वापरला. सबंध बॉडी घासून आरशासारखी करता आली असती, पण दर घासणीला मूळ क्लिअर कमी होतं, आणि कडांवर ते सपाट भागापेक्षा पातळ असतं. भरावाच्या जागी ८००, मग १०००, १५००, २०००. सपाटीवर रबरी ठोकळा, वळणावर बोट. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या नंबरच्या रेघा उरल्या असतील तर आडव्या उठून दिसतात, आणि त्या जाईपर्यंत पुढच्या नंबरला जायचं नाही. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की कागद अडकत नाही. स्क्रूच्या भोकांजवळ मात्र पाणी नाही, नॅफ्था. पाणी भोकातून उघड्या लाकडात शिरलं की लाकूड फुगतं आणि भोकाभोवती फिनिशला चिरा जातात. जुन्या गिटारींच्या स्क्रूंभोवती ज्या बारीक गोल चिरा दिसतात, त्यातल्या पुष्कळ अशाच येतात.

मग रबिंग कंपाउंड, त्यावर बारीक पॉलिश, हातानं, मऊ कापडानं. सिलिकोन असलेलं फर्निचर पॉलिश कधीच नाही. त्यानं तात्पुरती झळाळी येते, पण पुढे कुणाला स्प्रे करायची वेळ आली तर त्या जागी रंग फाटून माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. ब्रशच्या काळ्या रेघांनी इतके दिवस मोडलेला उजेड आता बॉडीवर एकसंध सरकत होता, आणि पिवळ्याखाली लाकडाची नस दिसू लागली होती. तीन तुकडे जोडलेली बॉडी आहे हेही तेव्हाच कळलं; मधला सांधा नेकच्या मध्यरेषेपासून थोडा बाजूला आहे.

रंग काढल्यानं आवाज बदलला का, असं प्रत्येकजण विचारतो. १९६८ मध्ये बीटल्सच्याच जॉन लेनननं आपल्या एपिफोन कसिनो गिटारीचं फिनिश उतरवलं, हॅरिसननंही आपल्या कसिनोचं, आणि लाकूड उघडं झाल्यावर गिटार मोकळी होते असं हॅरिसनचं मत होतं. कसिनो पोकळ बॉडीची आहे, तिथे पातळ लाकडी पृष्ठभाग थरथरतो, त्यामुळे त्यांच्या कानांवर मी शंका घेणार नाही. पण भरीव बॉडीच्या गिटारीत पिकअप तारांची हालचाल टिपतो. माझ्या गिटारीचा ॲम्पमधून येणारा आवाज बदलला असेल तर तो नव्या तारांनी आणि नीट बसलेल्या नेकनं. रंग उतरवला तो डोळ्यांसाठी आणि गिटारीसाठी. मला तेवढं कारण पुरतं.

जोडताना घाई केली नाही. प्रत्येक स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवायचा. एक हलका टक आवाज होतो, म्हणजे तो जुन्या आट्यात बसला. मगच सुलटा. आट्यांना थोडं मेण लावलं. नेकची शिम पेन्सिलच्या खुणेप्रमाणे परत ठेवली. क्लॉची वायर सोल्डर केली आणि मल्टिमीटरनं ब्रिजपासून जॅकपर्यंत तपासली. पिकगार्ड बसवण्याआधी कप्प्यात एक छोटी चिठ्ठी चिकटवली: मूळ फिनिश पॉलिएस्टर, वरून अल्कीड होता तो काढला, खालच्या शिंगाला सायनोअॅक्रिलेटचा भराव आणि अल्कोहोलचा डाय, बाकी काही घातलेलं नाही, कप्प्यातला काळा रंग शील्डिंगचा आहे. पुढे ही गिटार ज्याच्या हातात जाईल त्याला माझ्यासारखं इअरबडनं शोधत बसायला लागू नये.

तारा १० ते ४६ च्या (जाडी, इंचाच्या हजारांश भागात) चढवल्या, नेकचा बाक पाहून ट्रस रॉड किंचित फिरवला, सॅडलची उंची आणि बाराव्या फ्रेटवर इंटोनेशन, म्हणजे सुराची अचूकता, जुळवलं. ती आता रोज वाजते. शिंगावरचा भराव काही आठवड्यांत अगदी थोडा खाली बसला आहे. बोटाला लागत नाही, पण दिव्याखाली तिरकं पाहिलं की खोलगट दिसतो. पुढच्या वेळी तारा बदलताना त्यावर आणखी एक थेंब टाकून ब्लेड फिरवणार आहे. मधल्या टोनच्या नॉबखालच्या पॉटची (फिरत्या रोधाची) खरखरही तेव्हाच बघायची आहे.